अर्धा टक्का

४ फेब्रुवारी

आज मायराशी कडाक्याचं भांडण झालं, आणि चूक तिचीच होती. बाळंतपणाला राजधानीत नवऱ्याच्या आत्याकडे जाते म्हणाली. तारीख मार्चअखेरची आहे. बाळ म्हणावं तसं वाढत नाहीये, आणि डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय की जन्मल्या जन्मल्या त्याला ऑक्सिजन लागू शकतो. आमच्या गावच्या जुन्या इस्पितळात बाळंतिणींच्या अख्ख्या वॉर्डाला एकच धड सिलिंडर, त्याच्या गाड्याची चाकं मोडलेली. वीज गेली की नर्सा पुठ्ठ्याने वारा घालतात. हे सगळं ती मला ऐकवत होती. मला.

"मग मी दोन वर्षं तिकडे काय माशा मारतेय?" मी म्हटलं. "नवं इस्पितळ कोणासाठी बांधतोय आम्ही?"

"ताई, तुझं इस्पितळ भिंतीवरच्या तक्त्यात फार छान आहे गं."

ही बोलायची पद्धत झाली? आई गेल्यावर हिच्या वेण्या कोणी घातल्या, शाळेची फी कोणी भरली, ते विसरली. विल्किन, तिचा नवरा, खाली मान घालून केळ्याचा लगदा चिवडत बसला होता. तो कधीच कोणाची बाजू घेत नाही, त्याच्या भाड्याच्या मोटारसायकलवर सवारी घ्यावी तशी दोघींची घेतो. मी शेवटी सांगून टाकलं, की पुढच्या महिन्यात नवा वॉर्ड सुरू होतोय आणि त्यातली पहिली बाळंतीण तू असशील, आत्याबित्या काही नाही. ती गप्प बसली. गप्प बसली म्हणजे पटलं असणार.

८ फेब्रुवारी

लोकांना वाटतं इस्पितळ गवंडी बांधतात. गवंड्यांना मोकळं सोडलं असतं तर आज छतावर दारं असती. कशानंतर काय, कोणामुळे कोण अडतं, कोणाचा एक दिवस हुकला की सगळ्यांचा आठवडा बुडतो, ही साखळी मी बांधली. कचेरीची एक भिंत त्या तक्त्याने भरलीय. आणि प्रत्येक कामाला मी त्याच्या खर्चाइतकं वजन दिलंय. झालेल्या कामांचं वजन बेरजेत धरायचं, तो आमचा आकडा. त्यात कोणाला थाप मारता येत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेची माणसं आली होती तेव्हा त्यांनी भिंतीचे फोटो काढून नेले, इतर देशांत दाखवायला.

आज आकडा एक्क्याण्णववर आहे. जिना, लिफ्ट, जनरेटर, दर्शनी भागातली संगमरवरी फरशी, सगळी वजनदार कामं झाली.

पेगेरो साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. ते प्रकल्पाचे संचालक झाले ते पक्षाच्या मेहेरबानीने. कॉफीचा कप घेऊन भिंतीसमोर उभे राहतात आणि म्हणतात, "आकडा चढता ठेवा, इंजिनिअरबाई. मंत्र्यांना चढता आकडा आवडतो." मला राग येतो, पण माणूस निदान कामात लुडबूड करत नाही.

१३ फेब्रुवारी

एलिहियो मातोस या प्राण्याने आज डोकं उठवलं.

हा आमचा गॅसच्या नळ्यांचा कंत्राटदार. ऑक्सिजनची टाकी मागच्या अंगणात, तिथून तांब्याच्या नळ्यांनी प्रत्येक खाटेपर्यंत. शिकलेला आहे, क्यूबात शिकून आलाय आणि ते दर दुसऱ्या वाक्यात सांगतो. डिसेंबरात तांब्याच्या नळ्या जकातीत अडकल्यात म्हणून तीन आठवडे खाल्ले, आणि मग कळलं की नळ्या केव्हाच सुटल्या होत्या, हा पठ्ठ्या मुलीच्या लग्नात नाचत होता. त्या दिवसापासून त्याच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही.

आज येऊन टेबलावर मूठ आपटली. म्हणे बाळंतिणींचा वॉर्ड मला दोन दिवस पूर्ण रिकामा द्या. रंगारी नको, सुतार नको, कोणी नको. मला एकेक नळी धुवून तपासायचीय.

"का? गळती बघून झालीय ना?"

"गळती वेगळी, तपासणी वेगळी. जोडकाम करताना आतून काजळी धरू नये म्हणून आम्ही नळ्यांत नायट्रोजन भरतो. तो अजून आत आहे. ऑक्सिजन सोडून तो हाकलायचा, मग एकेका तोंडाशी यंत्र लावून बघायचं की बाहेर येतोय तो ऑक्सिजनच आहे. तोवर ती नळी म्हणजे भिंतीतला साप आहे, बाई."

"नायट्रोजन तर आपण श्वासात घेतो त्या हवेतही असतो. शाळेत शिकलेय मी."

मी त्याला तक्ता दाखवला. वॉर्ड दोन दिवस रिकामा केला की रंग अडतो, रंगामुळे पडदे अडतात, खाटा अडतात, आणि उद्घाटन एप्रिलमध्ये जातं. एप्रिलमध्ये मायरा कुठे असेल? मोडक्या चाकाच्या सिलिंडरजवळ. हे त्याला सांगितलं नाही, सांगायची गरज नाही. एवढंच म्हटलं, "तुमच्या तपासणीचं वजन माहितीय किती आहे? अर्धा टक्कासुद्धा नाही. अर्ध्या टक्क्यासाठी मी चाळीस माणसं घरी बसवू?"

"वजन कोणी ठरवलं?"

"खर्चावरून ठरतं. तुमची तपासणी स्वस्त आहे, त्याला मी काय करू?"

जाताना दार इतक्या जोरात लावलं की तक्त्यावरच्या चिठ्ठ्या पडल्या. सगळ्या मलाच परत लावाव्या लागल्या.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस चांगला गेला, त्याचीही नोंद व्हावी.

बाळ जन्मल्यापासून उबेच्या काचपेटीत पोचेपर्यंत कोणी काय करायचं, याची आकृती मी महिनाभर घोळवतेय. चौकोन, बाण, आणि जिथे निर्णय घ्यायचा तिथे दोन वाटा. बाळ रडलं का? हो, तर इकडे. नाही, तर तिकडे. आज रंगारी जेवायला गेले तेवढ्यात वॉर्डात त्याची तालीम घेतली. मिलाग्रोसबाई, जुन्या वॉर्डाची मोठी नर्स, तिने नातीची बाहुली आणली होती. बाहुलीला टॉवेलात गुंडाळून नर्सा पळत होत्या आणि मी घड्याळ लावून मोजत होते. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. एकीने बाहुलीचं नाव मंत्र्यांच्या नावावरून ठेवलं.

"बाळ रडलं नाही" या वाटेने बाहुली नेली तेव्हा मिलाग्रोसबाई भिंतीवरच्या तोटीपाशी थांबली. "यातून काही येत नाहीये, बाई."

"अहो, येईल. आत्ता लावला असं समजा आणि पुढे चला, वेळ मोजतेय मी."

समजून पुढे गेली. जुन्या वॉर्डात याच कामाला लागतो त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागला. संध्याकाळी अहवालात घातलं. मायराला फोन करून सांगितलं, तर म्हणते, "बाहुली रडली का?" हिची जीभ कोणी आवरावी. पण हसली, बऱ्याच दिवसांनी.

२८ फेब्रुवारी

काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, गावभर ढोल आणि रम. आज पेगेरो साहेबांनी तारीख जाहीर केली. चौदा मार्च. मंत्री येणार, बिशप येऊन तीर्थ शिंपडणार, आणि त्याच दिवशी जुना वॉर्ड बंद करून कुलूप. निवडणुकीच्या आधी काही आठवडे उद्घाटनं करता येत नाहीत म्हणून ही घाई, ते मलाही कळतं. पण मला ती तारीख हवीच होती. मायराच्या तारखेच्या आधी पंधरा दिवस. देवाने दिलीय म्हणायची.

साहेब म्हणाले, फोटोसाठी नव्या खाटेवर एक खरी गरोदर बाई पाहिजे, रिकाम्या खाटा चांगल्या दिसत नाहीत. मी म्हटलं, माझी बहीण आहे. ते खूश. विल्किनला इस्पितळात ड्रायव्हरची नोकरी देण्याचंही बोलले.

मायरा ऐकून म्हणाली, "मी काय दुकानातला पुतळा आहे?" पण विल्किनने पहिल्यांदाच तोंड उघडलं. पगारी नोकरी आहे म्हणाला. मग ती तयार झाली. पाय फार सुजलेत तिचे. मीठ कमी खा म्हणून सांगून आले, तिने माझ्यासमोरच खारवलेलं चीज तळून खाल्लं.

६ मार्च

कुलूप. त्या माणसाने कुलूप लावलं.

वॉर्डाच्या दारापाशी भिंतीत नळीचा मुख्य कॉक आहे, त्याच्या पेटीला एलिहियोने स्वतःचं पितळी कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात घालून निघून गेला. वर पाटी, हाताने लिहिलेली, "उघडू नये." फोन केला तर म्हणतो, "दोन दिवस द्या, किल्ली घ्या."

आकडा साडेनव्याण्णवच्या वर येऊन चिकटलाय. चाळीस-पन्नास माणसांनी जीव टाकून केलेलं काम, आणि एका माणसाच्या खिशातल्या किल्लीपाशी सगळं अडून बसलंय. ही नुसती अडवणूक आहे. डिसेंबरात मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, त्याचा सूड. पुरुषांचा मान दुखावला की ते काय काय शोधून काढतात, त्याला सुमार नाही. बाई सांगते म्हणून तर जास्तच.

माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. जेवलेही नाही.

११ मार्च

पेगेरो साहेबांनी बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, "मंत्र्यांच्या कचेरीतून फोन होता. आकडा शंभर का होत नाही, विचारतात. मी काय सांगू? तुमच्या एका कंत्राटदाराने कुलूप लावलंय?"

"माझा नाही तो, तुमच्या कचेरीने नेमलाय."

"साखळी तुमची आहे, बाई. तुम्ही म्हणता ना, साखळी तुमची."

बाहेर आले, सुताराला हाक मारली आणि कुलूप कापून घेतलं. करवतीने पाच मिनिटांचं काम, त्यासाठी आठवडा फुकट. कॉक मीच उघडला. सूं करून आवाज आला आणि प्रत्येक खाटेच्या मीटरचा काटा वर सरकला. दाब एकदम बरोबर. हाच का तो साप? मी कचेरीत जाऊन तपासणीच्या कामापुढे "पूर्ण" लिहिलं. आकडा शंभर. साहेबांनी सगळ्यांना राजम्याची गोड खीर मागवली, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आहेत म्हणून.

एलिहियोला निरोप पाठवला की तुमचं कुलूप कचेरीत आहे, दोन तुकड्यांत, येऊन घेऊन जा. आला नाही. पाचदा फोन केला त्याने, मी उचलला नाही.

१४ मार्च

आज लिहिता येत नाही.

१६ मार्च

राजधानीत, इस्पितळाच्या जिन्यात बसलेय. विल्किन वर आहे. मला वर येऊ नको म्हणाला. इतकी वर्षं ज्याने कधी कोणाला नाही म्हटलं नाही, तो.

लिहिते. क्रमाने लिहिते, तेवढंच मला येतं.

मायराला आकाशी गाऊन घालून खाटेवर बसवलं होतं. मंत्री, बिशप, साहेब, फोटोवाले, गरमीने सगळे ओले. फोटोवाला म्हणाला, हे हॉटेलसारखं दिसतंय, काहीतरी यंत्र लावा. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. नर्सेने मास्क आणला, तो घट्ट बसणारा, पिशवीचा. तोटी कशी फिरवायची ते नवीन नर्सांना येत नव्हतं. मी फिरवली. मायराने डोळे मिचकावून मला खूण केली, मास्कच्या आडून. मी मोबाईलवर चित्रण करत होते.

मंत्री बोलायला लागले. मायराने एकदा हात वर केला, मास्ककडे. साहेब हळूच म्हणाले, "जरा थांब गं पोरी, भाषण होऊ दे." ती थांबली. मग तिची मान कलली. सगळ्यांना वाटलं, भरून आलं तिला. मलाही तेच वाटलं. चित्रणात माझाच आवाज आहे, "रडू नकोस, वेडे."

मिलाग्रोसबाई मागे दाराशी उभी होती. तिने ओठ बघितले. ती बिशपांना ढकलून आली आणि मास्क ओरबाडून काढला. "हिला हवा द्या, बाजूला व्हा सगळे," म्हणत होती, आणि मंत्र्यांची माणसं तिलाच धरत होती.

मायरा शुद्धीवर आली. पण पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले होते. नव्या इस्पितळात शस्त्रक्रियेची खोली फोटोपुरतीच होती, तिथली अवजारं अजून खोक्यात. जुन्याकडे नेलं, सकाळीच घातलेलं कुलूप फोडून. तिथेच पोट फाडून मुलगी काढली. ती रडली नाही. मिलाग्रोसबाईने हाताच्या फुग्याने तिला श्वास दिला, रुग्णवाहिकेत राजधानीपर्यंत, सबंध वाटभर. बाईचे पंजे आज उघडत नाहीयेत.

मुलगी जिवंत आहे. पेटीत आहे.

संध्याकाळी साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, उकाड्याने चक्कर आली.

१९ मार्च

राजधानीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की मायराने श्वासात नायट्रोजन घेतला. नळीत तो तसाच होता, कॉक उघडल्यावर मागून आलेल्या ऑक्सिजनने त्यालाच पुढे ढकललं. उकाडा संपला. आता साहेबांची नवी गोष्ट: कंत्राटदाराने नळीत चुकीचा गॅस ठेवून काम पूर्ण म्हणून हवाली केलं. काल एलिहियोला पत्त्यांच्या अड्ड्यावरून उचलून नेलं. टीव्हीवर त्याच्या घरावर दगड मारताना दाखवले. त्याची ती नव्याने लग्न झालेली मुलगी खिडकीतून हात जोडत होती.

साहेब इथपर्यंत आले. माझ्यासाठी टाईप केलेला जबाब आणला होता. माझ्या तक्त्यात तपासणीपुढे "पूर्ण" आहे, म्हणजे त्याने हवाली केली, असा त्यांचा हिशोब. खाली आणखी काही बारीकसारीक, दोष त्याच दिवशी दूर करण्यात आला वगैरे, सरकारी भाषा.

"सही करा. तुमची बहीण आहे, तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."

त्यांच्या गालफाडात मारावीशी वाटली. पण आधी कोणाला मारू? साहेबांना, की त्या एलिहियोला? एवढं माहीत होतं तर माझ्या दारात आडवा का नाही पडला? पाच फोन केले म्हणे. सहावा करायचा होता. घरी यायचं होतं. माझ्या थोबाडीत मारून कॉक बंद करायला लावायचा होता. बँकेची ती माणसं भिंतीचे फोटो काढत होती, त्यांना नाही दिसलं? जो तो माझा आकडा बघून माना डोलवत होता. एकानेही विचारलं नाही.

एकाने विचारलं होतं. वजन कोणी ठरवलं म्हणून.

जबाब घेतला, सही केली नाही. उद्या सांगते म्हटलं.

२१ मार्च

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. तरुण आहेत, डोळे झोपेने लाल. मुलीचं वजन वाढतंय, स्वतः श्वास घेते, दूध चोखायला लागलीय. डोक्याला इजा झालीय का, ते आत्ता कळणार नाही.

"कधी कळेल?"

"बसायला लागेल तेव्हा, चालेल तेव्हा, बोलेल तेव्हा."

"पण अंदाजे शक्यता किती? टक्के सांगा."

"नाही सांगता येत."

"अहो, काहीतरी आकडा असेलच ना तुमच्याकडे. इतकी बाळं बघता."

"बाई, दुसऱ्या बाळांचा आकडा तुम्हाला देऊन मी काय करू? ही एकच आहे."

मला तिचा इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आकडा देत नाही म्हणजे काय? आकड्याशिवाय माणसाने रात्र काढायची कशी?

मग मायराने बोलावलं. पहिल्यांदाच. टाक्यांमुळे तिला नीट बसता येत नव्हतं. "कुलूप कोणी कापलं, ताई? विल्किन म्हणतो एलिहियोने पैसे वाचवायला काहीतरी केलं. टीव्हीवर कुलपाचं कोणी बोलतच नाही. पण मिलाग्रोसबाई फोनवर म्हणाली, तिथे कुलूप होतं."

"मी कापायला लावलं."

"का?"

सांगायला लागले. तारीख, रंगारी, पडदे, एप्रिल, मोडक्या चाकाचं सिलिंडर, सगळं तुझ्यासाठीच होतं गं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. तिने कधी माझं इतकं शांतपणे ऐकून घेतलं नव्हतं.

"तुझ्या त्या तक्त्यात माझं बाळ किती टक्के होतं?"

मला आकडा पाठ होता. सांगितला. अर्ध्याहून कमी.

ती म्हणाली, "त्या माणसाला सोडवून आण. मग ये. नाहीतर येऊ नकोस." आणि कूस बदलायला लागली. दुखत होतं तिला. मी हात द्यायला पुढे झाले, तिने नर्सेला हाक मारली.

२२ मार्च

सकाळी गावी परतले ती थेट सरकारी वकिलांच्या कचेरीत. कारकून म्हणाला, वकीलसाहेब कामात आहेत, आणि जबाब द्यायचा तर तुमचा वकील कुठे आहे? नाही म्हटलं. मग बसा म्हणाला, वाट बघा. बाकावर बसले.

थोड्या वेळाने एलिहियोला बेड्या घालून चौकशीला आणलं. दाढी वाढलेली, कपाळावर खोक. मला बघून थांबला. मी वाट बघत होते की हा आता थुंकेल तोंडावर, आणि थुंकला असता तर मी पुसलं नसतं.

"कॉक बंद केला का?" त्याने विचारलं.

"काय?"

"वॉर्डाचा कॉक. बंद करून कुलूप घातलं का कोणी? एका तोटीतून थोडा गॅस गेला म्हणजे नळी धुतली असं नाही होत. बाकीच्या तोंडांशी अजून नायट्रोजनच असणार. बाया आहेत ना तिथे?"

पोलिसाने त्याला पुढे ओढलं. जबाबातली ती ओळ आठवली: दोष त्याच दिवशी दूर करण्यात आला. कोणी केला? उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून नवा वॉर्ड चालू होता, बायका येत होत्या, आणि आठवडाभर आम्ही सगळे टाळकुटे कोणाची चूक, कोणाची सही, एवढंच करत बसलो होतो. मी जिन्यात बसून डायरी लिहीत होते.

समोरच्या लोखंडाच्या दुकानातून कुलूप घेतलं आणि मोटारसायकलवाल्याला पळव म्हटलं. फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं, पेगेरो साहेबांचा हुकूम आहे, तुम्हाला आत सोडायचं नाही. मी त्याला नावानिशी ओळखते, त्याच्या बायकोला मीच इथे चिकटवून दिलंय. जे तोंडात आलं ते बोलले आणि त्याला बाजूला सारून आत गेले. वॉर्डात तीन बायका होत्या. कोपऱ्यातली नुकतीच बाळंत झालेली, टोकाच्या खाटेवरची कळा देत होती. मिलाग्रोसबाई बोटांना पट्ट्या बांधून तिच्यापाशी उभी होती. शेजारी जुन्या वॉर्डातलं मोडक्या चाकाचं सिलिंडर, ओढून आणलेलं, फरशीवर त्याचे ओरखडे. भिंतीतल्या प्रत्येक तोटीवर चिकटपट्टी मारलेली होती.

"रोज मारते," ती म्हणाली. "रोज साहेबांचा माणूस येऊन काढतो. वाईट दिसतं म्हणतो."

मी कॉक बंद केला. पेटीला कुलूप घातलं. तेवढ्यात पेगेरो साहेब आले, मागे दोन माणसं. कोणाच्या परवानगीने, म्हणून विचारत होते. मी उत्तर दिलं नाही. आजवर या माणसाला दिलेलं प्रत्येक उत्तर मला आता परत हवं होतं. कळा देणारी बाई ओरडली तेव्हा ते दाराकडे मागे सरले.

आत्ता पुन्हा त्याच बाकावर आहे. किल्ली मुठीत आहे, ती मी एलिहियोच्या हातात देणार, दुसऱ्या कोणाच्या नाही. कारकुनाने दोनदा सांगितलं की वकीलसाहेब जेवायला गेलेत, उद्या या. मी म्हटलं, बसते. आता तो दार उघडून विचारतोय, तुमचं नेमकं काय आहे, तक्रार की साक्ष.

कबुली, म्हटलं. माझं नाव लिहून घ्यायला सांगितलं.